पंख उचलून पाहा

या वेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयावरची पत्रे इतकी निघाली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. कोंबडा कोंबडीवर चढताना किंवा तिला मारताना होणाऱ्या जखमा, हा तो विषय. मी पशुवैद्य आहे आणि माझ्या स्वतःच्याही कोंबड्या आहेत, त्यामुळे या पत्रांमागची काळजी मला नीट कळते. ज्या कोंबडीला आत्ता मदत हवी आहे, तिचे पत्र सर्वांत आधी घेते.

डॉक्टरताई, माझी एक कोंबडी कालपासून एक पंख खाली सोडून कोपऱ्यात बसते, दाण्याकडे बघत नाही. पाठीवरची पिसे आधीच गेली होती, पण रक्त कुठे दिसले नाही. आज उचलली तर पंखाखाली कातडी फाटून बोटभर चीर पडलेली, आतले मांस दिसते आहे. हे कोंबड्याने केले असेल का? टाके घालावे लागतील?

बहुतेक त्यानेच. कोंबडा चढतो तेव्हा चोचीने तिच्या मानेमागची पिसे किंवा तुरा पकडतो आणि दोन्ही पाय पाठीवर रोवतो. खाली आधार निसरडा, ती हलत असते, म्हणून तो पाय घासत तोल सावरत राहतो. तोल गेला की पाय बाजूला घसरतो आणि नख किंवा पायामागचा काटा पंखाच्या मुळापासून बरगडीवर, कधी थेट मांडीपर्यंत कातडी फाडत जातो. कोंबडीची कातडी पातळ असते आणि खालच्या मांसाला सैलसर चिकटलेली असते, म्हणून ती लांबलचक फाटते. वर पंख मिटला की सगळे झाकले जाते. रक्त पिसांत सुकते. शिवाय आजारी दिसणारा पक्षी कळपात मार खातो, त्यामुळे कोंबडी शेवटपर्यंत काही झालेच नाही असे दाखवते. तुमच्या लक्षात आले तेव्हा ती बराच वेळ दुखणे सोसत होती, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सगळे करा.

जखम धुण्याची घाई करू नका. आधी तिला धक्क्यातून सावरू द्या. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते आणि रक्त गेलेली, न खाल्लेली कोंबडी ते टिकवू शकत नाही. खोक्याजवळची हवा २७ ते ३० अंशांच्या आसपास राहील इतकी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवली तरी चालते, म्हणजे नको वाटले तर ती दुसऱ्या बाजूला सरकू शकते. पाणी हाताशी ठेवा, पण चोच उघडून ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. जखमेतून रक्त वाहत असेल तर मात्र सगळे सोडून स्वच्छ कापडाने काही मिनिटे सलग दाबून धरा. मधे मधे उचलून पाहिले की धरलेली गाठ सुटते.

ती थोडी सावरली की धुवायला घ्या. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. हे पाणी सुई नसलेल्या सिरिंजने हलक्या दाबाने सोडा, घाण आपोआप सुटते. घासू नका. कडेची पिसे कात्रीने आखूड करा, उपटू नका. उपटताना कातडी आणखी फाटते. जाडसर, निळसर देठाची नवी पिसे असतील तर ती कापूही नका, त्या देठांत रक्त असते. नंतर औषधाच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून एकदा फिरवा. जखमेवर स्पिरिट लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. फेस येतो म्हणून जखम साफ होते असे वाटते, पण त्याने भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात.

दोन गोष्टी इथे ठळक सांगते. कोंबडीला पोट आणि छाती वेगळे करणारा श्वासपटल नसतो. छातीचे हाड वरखाली झाले तरच तिचा श्वास चालतो. म्हणून जखम धुताना तिला छातीभोवती आवळून धरू नका आणि अंगाभोवती घट्ट पट्टी मुळीच गुंडाळू नका. दुसरे असे की फुप्फुसाशी जोडलेल्या हवेच्या पिशव्या तिच्या शरीरात बऱ्याच ठिकाणी पसरलेल्या असतात. श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येत असतील, किंवा आजूबाजूची कातडी फुगून बोटाखाली कुरकुरत असेल, तर अशी पिशवी फाटलेली असू शकते. तिथे पाणी अजिबात सोडू नका. स्वच्छ ओले कापड झाकून लगेच डॉक्टरकडे न्या.

आता टाक्यांचे. जखम काही तासांतली असेल, कडा ताज्या असतील तर डॉक्टर टाके घालतात आणि ते चांगले टिकतात. तुमच्या कोंबडीची जखम कालची आहे. शिळी, घाण शिरलेली जखम शिवली तर घाण आत कोंडली जाते. ती बहुधा उघडीच भरू द्यावी लागेल. घाबरू नका. स्वच्छ ठेवली तर कोंबडीची जखम आश्चर्य वाटावे इतकी छान भरते. तळहाताएवढ्या जखमा कडेकडेने आत येऊन मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. तळ ओलसर गुलाबी दिसला तर ठीक चालले आहे. वर खपली धरली की ती तशीच राहू द्या.

तरीही तुमच्या कोंबडीला डॉक्टरला दाखवाच, कारण तिने खाणे सोडले आहे आणि पंख खाली पडला आहे. पंख दुखण्याने पडतो, हाड मोडले तरी पडतो, आणि हे पत्रावरून सांगता येत नाही. वेदनाशामक लागेल, तेही डॉक्टरच वजन करून देतील. माणसांची दुखणे कमी करणारी मलमे लावू नका. लिडोकेन, बेंझोकेन अशी बधिर करणारी औषधे पक्ष्यांना थोडी जास्त झाली तरी बाधतात. घरात उरलेली प्रतिजैविकेही नकोत. प्रतिजैविक दिले गेले तर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरला न विसरता विचारा.

पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. दोन कोंबड्यांच्या पाठी पूर्ण उघड्या पडल्या, बाकी तिघी धडधाकट. जखम नाही. औषध काय लावू?

औषध नको, व्यवस्था बदला. एका कोंबड्याला साधारण आठ ते बारा कोंबड्या असाव्यात. हलक्या, चपळ जातीचा असेल तर बारा, अंगाने जड असेल तर आठ. पाचांत त्याचे सगळे चढणे पाचांवरच येते. त्यातही कोंबडा सगळ्यांकडे सारखा जात नाही. काही त्याच्या आवडत्या असतात, काही फक्त शांत असतात आणि लगेच खाली बसतात. तुमच्या त्या दोघी अशाच असणार. म्हणजे संख्या बारा झाली तरी त्या दोघींचे हाल लगेच थांबतील असे नाही, म्हणून त्यांचा वेगळा विचार करायला हवा.

आधी पिसे कशाने गेली हे मात्र पक्के करा. कोंबड्यामुळे जातात ती पाठीवरची आणि डोक्यामागची, आणि त्या जागी मोडलेल्या देठांचे खुंट दिसतात. गुदाभोवतीची गेली असतील तर उवा किंवा एकमेकींचे टोचणे याचा संशय घ्या. गळ्याची पुढची बाजू उघडी पडली असेल तर दाण्याच्या भांड्याची कड घासते का ते पाहा. सगळ्या अंगाची झडत असतील आणि खालून नवे कोंब दिसत असतील तर तो वार्षिक पीसबदल आहे. रात्री टॉर्च घेऊन कोंबड्यांच्या दांड्याच्या फटीही पाहा. रक्त पिणारे लाल माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, दिवसा तिथे लपतात आणि अंधारात अंगावर येतात.

कोंबड्यामुळेच गेली असतील तर त्या दोघींना पाठीचे झाकण घाला. जाड सुती कापड किंवा जुन्या जीन्सचा तुकडा दुहेरी शिवा. मानेच्या मुळापासून शेपटीच्या अलीकडपर्यंत लांब, दोन्ही पंखांच्या मुळांभोवती सैल इलॅस्टिकचे पट्टे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पंख मिटताना कापड गोळा होत नाही ना, तिला चालता-उडता येते ना, हे पहिल्या दिवशी बसून बघा. काही कोंबड्या घातल्यावर मागे मागे चालतात, गोल फिरतात, आणि बहुतेकदा संध्याकाळपर्यंत विसरून जातात. आठवड्यातून एकदा काढून धुवा आणि खालची कातडी, पट्ट्यांच्या जागा तपासा. त्या उबेत उवा फार लवकर वाढतात. उन्हाळ्याच्या काहिलीत आणि ओले झाल्यावर काढून ठेवा. उघड्या, ओल्या जखमेवर हे कापड घालायचे नाही, त्यासाठी तिला कोंबड्यापासून दूर ठेवणे हाच उपाय.

पिसे लगेच येतील अशी आशा ठेवू नका. पीस मुळासकट उपटले गेले असेल तर काही आठवड्यांत नवे डोकावते. अर्धे मोडले असेल तर तो खुंट पुढच्या पीसबदलापर्यंत तसाच राहतो. खुंट ओढून काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात फक्त वेदना आहे. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, म्हणून या काळात खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आहेत ना ते पाहा. नुसत्या धान्यावर असलेल्या कोंबडीला पिसे भरायला फार वेळ लागतो.

आणि उघडी पाठ उन्हात भाजते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सावली हवी.

कोंबड्याने मारलेल्या जागी कातडी हिरवी पडली आहे. फाटलेली कुठे नाही, कोंबडी खाते-पिते. शेजारी म्हणतात सडली, आता ती जगत नाही. काय करू?

ती कोंबडी बहुधा बरी होते आहे. माणसाला मुका मार लागला की साकळलेले रक्त निळे-जांभळे होऊन मग हिरवट आणि शेवटी पिवळे पडते. पक्ष्यांच्या शरीरात हिरव्या रंगद्रव्याचे पिवळे करणारे पुढचे विकर (एन्झाइम) नसते. त्यामुळे त्यांचा वळ लाल-जांभळ्यावरून हिरवा होतो आणि हिरवाच राहून विरत जातो. मार लागल्यावर दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी दिसणे हे त्याचेच लक्षण आहे. हा रंग पाहून चांगल्या कोंबड्या मारून टाकल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

सडण्याची खूण वेगळी. वास येतो, कातडी काळपट आणि थंड पडते, जागा ओली पाझरते, कोंबडी मलूल होते. तुमच्या पत्रात ती खाते-पिते असे आहे, कातडी कुठे फाटलेली नाही असेही आहे. तिला कोंबड्यापासून वेगळी ठेवा, रोज बोट लावून पाहा आणि थांबा.

यालाच जोडून एक. जखमेनंतर टणक गाठ आली आणि पिकून फुटेल म्हणून तुम्ही वाट पाहत असाल, तर पाहू नका. कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही. आत घट्ट पिवळसर गोळा धरतो आणि तो बहुतेक वेळा कापूनच काढावा लागतो. ते डॉक्टरचे काम आहे, घरी पात्याने करू नका.

जखमेत हाताला येईल ती पूड भरली, वर राख टाकली, तरी अळ्या पडल्या. आता कोंबडीच्या अंगाला वास येतो.

आजच्या आज डॉक्टर गाठा. तोवर हे करा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने भरपूर धुवा, भरलेली पूड पूर्ण निघू द्या. तिचा थर बसला की खाली ओल राहते आणि अळ्यांना तेच हवे असते. दिसतील त्या अळ्या चिमट्याने एकेक काढा. थोड्या वेळाने परत पाहा, कारण आत शिरलेल्या अळ्या हवेसाठी वर येतात. पिसांच्या मुळाशी पांढुरके बारीक दाण्यांसारखे पुंजके दिसतील, ती माशीची अंडी. ती पिसे कापून टाका. उन्हाळ्या-पावसाळ्यात ही अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, म्हणून सकाळी स्वच्छ दिसलेली जखमही संध्याकाळी पाहायची असते. रॉकेल, फिनाइल, कीटकनाशक यांतले काहीही ओतू नका. अळ्या मरतील, पण ते विष उघड्या मांसातून कोंबडीच्या रक्तात जाईल.

मग तिला जाळीच्या आत, माशी शिरणार नाही अशा ठिकाणी ठेवा. खाली तूस नको, जुने धुतलेले कापड किंवा कागद घाला आणि रोज बदला. मेलेल्या अळ्या आत राहिल्या आहेत का आणि त्यांचे विष अंगात भिनले आहे का, हे डॉक्टरने पाहायला हवे. अशी कोंबडी वरून बरी दिसताना अचानक खचते.

कोंबड्याचे काटे फार लांब झाले आहेत. पकडीने पिळून वरचे आवरण काढता येते असे कळले. तसे करू का?

नका करू. काट्याच्या आत जिवंत हाड असते, त्याला रक्तपुरवठा असतो, त्यावर शिंगासारखे कठीण आवरण असते. पिळून ते निघते हे खरे. पण आतला भाग उघडा, रक्ताळलेला राहतो, कोंबडा दिवसेंदिवस दुखण्याने लंगडतो आणि तिथून संसर्ग शिरू शकतो. कोंबडीचे दुखणे कोंबड्यावर नेऊन ठेवण्यात काय अर्थ आहे?

टोक बोथट करणे पुरेसे आहे. संध्याकाळी तो दांड्यावर बसला की शांत असतो. एकाने त्याला कापडात सैल गुंडाळून धरावे, दुसऱ्याने नखे घासायच्या कानशीने काट्याचे टोक गोल करावे. थोडे थोडे, दर दोन-तीन आठवड्यांनी. कापायचेच असेल तर फक्त टोकाचा शेवटचा भाग, आणि तेही टॉर्चच्या उजेडात आतला गडद भाग कुठे संपतो ते पाहून. हाताशी कॉर्नफ्लोअर (मक्याचा पांढरा स्टार्च) असू द्या, चुकून रक्त आलेच तर दाबून लावायला.

मात्र नुसते काटे घासून थांबू नका. तरुण कोंबड्याचा काटा जेमतेम गुंडीएवढा असतो, तरी त्याच्या कोंबड्यांच्या पाठी सोललेल्या असतात. ते काम नखांचे. बोटांची नखेही टोकाला कापून घासा. तेवढ्याने चिरा बऱ्याच कमी होतात.

पिल्ले काढायची आहेत, म्हणून कोंबडा वेगळा ठेवता येत नाही. मग कोंबड्यांना आराम कसा मिळणार?

वेगळा ठेवता येतो! तुम्हाला हे आधी कुणी सांगितले नाही याचेच मला वाईट वाटते. कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशय आणि योनी जिथे जुळतात तिथे, बारीक नळ्या असतात. त्यांत ती कोंबड्याचे शुक्राणू साठवून ठेवते आणि रोजच्या अंड्यासाठी थोडे थोडे वापरते. एकदा संबंध आला की पुढचे दहा ते चौदा दिवस, कधी त्याहूनही जास्त, फलित अंडी मिळत राहतात. म्हणजे कोंबडा आठवड्यातून दोन दिवस कळपात सोडला तरी उबवणीला अंडी मिळतील. उरलेले दिवस तो जाळीपलीकडे राहू द्या, एकमेकांना दिसतील असा.

ज्यांना फक्त खायची अंडी हवीत त्यांना तर कोंबड्याची गरजच नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तितकीच अंडी घालते. तरीही अंडी थांबतील या भीतीने बरेच जण जखमी कोंबड्यांत कोंबडा ठेवतात.

दहा-बारा दिवसांनी बरी झालेली कोंबडी परत सोडली, तर कोंबड्याआधी बाकीच्या कोंबड्याच तिच्यावर तुटून पडल्या.

दहा-बारा दिवस नजरेआड गेलेली कोंबडी त्यांच्या लेखी नवखी असते आणि तिची पायरी पुन्हा ठरवली जाते. म्हणून आजारी कोंबडीचा पिंजरा शक्यतो खुराड्यातच किंवा त्याला लागून ठेवावा, म्हणजे ओळख तुटत नाही. आता पुन्हा तसा ठेवा आणि काही दिवसांनी संध्याकाळी, दांड्यावर बसायच्या वेळी तिला मिसळा. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. लपायला फळी, उलटी टोपली असे काही असू द्या. आणि जखमेवर लाल डाग उरलेला नाही ना पाहा, लाल दिसले की कोंबड्या टोचतातच. कोंबडा मात्र ती पूर्ण भरून येईपर्यंत बाहेर.

बदकाचा नर कोंबड्यांवर चढतो. कोंबडा चढतो तसेच ना हे?

नाही, आणि हे तातडीने थांबवा. कोंबड्याला आत जाणारे लिंग नसते, गुदद्वाराला गुदद्वार टेकवून काम होते. बदकाच्या नराला लांब, पिळदार लिंग असते. त्याने कोंबडीच्या आत फाटू शकते आणि अंग बाहेर येऊ शकते. शिवाय मानेला धरून तो दाबत राहतो. त्याला आजच वेगळा करा. ज्या कोंबडीचे अंग बाहेर आले आहे किंवा रक्त जाते आहे, तिला डॉक्टरकडे न्या.

आमचा कोंबडा सहा महिन्यांचा आहे. कोंबड्या त्याला पाहून पळतात, तो पाठलाग करून पाडतो. एकीच्या डोक्यामागची कातडी सोलली. दुसरा कोंबडा आणला तर याची खोड मोडेल असे वाटते. घरात त्याला कापावे की ठेवावे यावर वाद आहे.

तुमच्या वादात मी कोंबड्यांच्या बाजूने आहे. पण निकाल इतक्यात नको. चार ते सहा महिन्यांत कोंबडा वयात येतो आणि त्या वयातले बहुतेक सारे असेच आडदांड असतात. जाणता कोंबडा दाणा टोचून ‘कुक कुक’ करत कोंबडीला बोलावतो, एक पंख जमिनीला टेकवत तिच्याभोवती फिरतो, ती बसली तर चढतो, नाही बसली तर बऱ्याचदा सोडून देतो. तुमचा अजून यातले काही करत नाही. त्याला आत्ता कळपातून काढा, दिसेल अशा वेगळ्या जागेत ठेवा. शक्य असेल तर एखाद्या वयस्क, ठाम कोंबडीबरोबर, जी त्याला सरळ करते. वर्षाचा होताना बरेच कोंबडे निवळतात.

सगळे मात्र निवळत नाहीत. जातीचाही भाग असतो. मांसासाठी वाढवलेल्या जातींच्या प्रजनन कळपांतले नर माद्यांशी अंड्यांसाठीच्या जातींच्या नरांपेक्षा बरेच जास्त आक्रमक वागतात, हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या सुझान मिलमन, इयान डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. तिथे नर चढण्याआधीची मनधरणीच कमी करतात, माद्या पळतात आणि मग जबरदस्ती होते. असा नर हलक्या, छोट्या कोंबड्यांत असेल तर वजनानेच त्यांचे पाय आणि कंबर दुखावते. त्यामुळे त्याची जात आणि वजन पाहा. कोंबड्यांच्या दीड-दोनपट असेल तर तो त्या कळपासाठी नाही, मग स्वभाव कितीही सुधारो.

दुसरा कोंबडा आणून याची खोड मोडेल, असेही तुम्ही लिहिले आहे. तसे होत नाही. दोघे एकमेकांच्या आधी चढायला धावतात आणि मार कोंबड्याच खातात. जागा मोठी आणि कोंबड्या वीस-बावीस असतील तरच दोघांचा विचार करावा.

वेगळे ठेवून, वर्षाचा झाल्यावर पुन्हा काही दिवस मिसळून पाहा. कोंबड्या दाणा सोडून पळत असतील, दिवसभर दांड्यावरच बसून राहत असतील, अंडी कमी झाली असतील, तर तो बदललेला नाही. मग त्याला नुसत्या नरांच्या कळपात ठेवा. कोंबड्या नजरेसमोर नसल्या की नर एकमेकांत बऱ्यापैकी शांत राहतात. तेही जमत नसेल तर त्याला कापण्याचा निर्णय चुकीचा म्हणणार नाही. त्याचा त्रास न वाढवता, नीट हाताने ते करा.

सोललेल्या डोक्याबद्दल. ती जखम भयंकर दिसते, कवटीचे हाड दिसत असले तरी भरते. मिठाच्या पाण्याने धुवा, ओलसर ठेवणारे साधे, बधिर न करणारे प्रतिजैविक मलम पातळ लावा, डोळ्यात जाऊ देऊ नका. मान वाकडी होत असेल, ती गोल फिरत असेल किंवा एक डोळा मिटलेला असेल तर आजच दाखवा. आणि हात लावलाच आहे तर तिचे दोन्ही पंख उचलून खालची कातडीही पाहून घ्या.